हळदी वाचली, अप्पा

प्रिय अप्पा,

आज सकाळी हळदीनं तुमची चप्पल चावली. उजव्या पायाची. अंगठा तुटला नाही, पण दातांच्या खुणा चांगल्या उठल्यात. मी हिसकावून घ्यायला धावले, तर आई पायरीवर बसून खुशाल बघत होती. म्हणाली, "असू दे गे. सुम्ने बस, उगी."

ही हळदी कोण, असं विचाराल. कुत्र्याचं पिल्लू आहे, अप्पा. हो, आपल्याच घरात. तुम्ही जाऊन वर्ष होतंय तोवर तुमचा नियम मोडला, आणि मोडणारी मी नव्हे, तुमची बायको. तुम्ही असताना हा विषय निघाला की पेपर तोंडासमोर धरायचात. आता पेपरही नाही आणि उठून जायची सोयही नाही, तेव्हा ऐका. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती कळल्यापासून कधी एकदा सांगते असं झालंय.

पण आधी काजळपासून सुरू करते. कुत्र्यांना रंगांची नावं द्यायची ही तुमचीच पद्धत. रंगाचे हौद आजोबांनी चालवले, तुम्ही जन्मभर ऑफिसात फायली चाळल्या, तरी नाव ठेवायची वेळ आली की तुमच्यातला रंगारी जागा व्हायचा. काजळ काळाकुळकुळीत होता आणि तुमच्या मागं मागं न्हाणीपर्यंत जायचा. एक दिवस त्यानं दुधाला तोंड लावलं नाही. तुम्ही म्हणालात, ऊन बाधलं. मग तो पांढरा फेस ओकू लागला. तुम्ही म्हणालात, पाल खाल्ली असणार. आईनं ताक पाजलं, जिऱ्याचं पाणी पाजलं. त्याच्या पोटात थेंब ठरत नव्हता आणि आपण चमच्यानं ओतत होतो. मग रक्ताचे जुलाब सुरू झाले. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. डॉक्टरकडे नेऊ म्हणून रिक्षा आणली, तेव्हा त्याची मान तुमच्या हातावर लोंबत होती.

त्यानंतर तुम्ही गुडघे टेकून सगळं अंगण घासलंत. फिनॉईल, मग पुन्हा फिनॉईल. आपल्या अख्ख्या अग्रहार पेठेला वास गेला असेल. फिनॉईलच, कारण ब्लीचिंग पावडरला आपल्या घरात पाऊल ठेवायची परवानगी नव्हती. आजोबांच्या वेळी कुणीतरी ती हौदाजवळ ठेवली आणि सणाच्या कापडाचा सगळा माल डागाळला, ही कथा तुम्ही किती वेळा सांगितलीत? हौद बुजले, धंदा गेला, त्या जागी शेजाऱ्यांच्या स्कूटर उभ्या राहायला लागल्या, तरी नियम तसाच. "रंगाऱ्याच्या उंबऱ्याच्या आत ती पांढरी पावडर नको." मी कॉलेजात असताना एकदा मोरीसाठी घेऊन आले, तर दुकानात परत देऊन यायला लावलंत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

काही महिन्यांनी पिरियापट्टणच्या तुमच्या मित्रानं गेरू दिला. तंबाखूच्या शेतावर वाढलेलं दणकट पिल्लू. तुम्ही काजळचं गोणपाट धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून ठेवलं होतं, त्यावरच त्याला झोपवलंत. दोन आठवडेही गेले नसतील. तोच फेस, तेच रक्त, तोच वास.

गेरूला पुरून आल्यावर तुम्ही हात धुतलेत, पंच्याला पुसलेत आणि आईला म्हणालात, "माझ्या हाताला कुत्रं लाभत नाही." बस्स, एवढंच. तुम्ही मोठ्यानं रडला असतात तर बरं झालं असतं, अप्पा.

तेव्हापासून तुम्ही हात मागे बांधून चालायला लागलात. लोकांना वाटायचं, वय झालं, म्हातारी माणसं चालतात तशी. पण मी पाहिलं होतं. दुधाच्या बूथपाशी गल्लीतली पिल्लं तुमच्या पायात यायची, तुमच्या धोतराला लोंबायची, आणि तुम्ही खाली वाकायचात, त्यांच्याशी बोलायचात, पण हात काही सोडायचा नाहीत. किती वर्षं? लग्न होऊन गेलेली मी पुन्हा या घरी राहायला आले, तुमचे केस पांढरे झाले, तरी ते हात मागेच.

तुम्ही गेल्यावर आईला घर खायला उठलं. एक दिवस ती फुलं आणायला गेली आणि फुलांच्या पिशवीत पिल्लू घेऊन आली. फुलवालीच्या कुत्रीचं. हळदीच्या रंगाचं, म्हणून येतानाच नाव ठेवून आली. मी म्हटलं, अप्पांनी नको म्हणून सांगितलं होतं ना?

"ते त्यांच्या हाताबद्दल बोलले की. माझ्या हाताबद्दल काय बोलले?"

मग काय! मी गुपचूप पिल्लाला घेऊन जयलक्ष्मीपुरमला डॉक्टरकडे गेले, पहिली लस टोचून आणली. दुसरीला अजून अवकाश होता, आणि त्याआधीच एका सकाळी हळदीनं दुधाला तोंड लावलं नाही.

अप्पा, मला काजळच आठवला. ती जिन्याखाली कोपऱ्यात जाऊन पडली होती, हाक मारली तर शेपूटसुद्धा हलेना. मग फेस आला. आई ताकाचं भांडं घेऊन आली, तेव्हा मी तिच्यावर ओरडले, तोंडात काही घालू नकोस म्हणून. आईनं भांडं खाली ठेवलं. "अय्यो, त्यांचंच खरं झालं की. हाताचं नव्हे गे, या घरालाच लाभत नाही." पिल्लू थंड पडत होतं. तिनं तुमच्या खुर्चीवरची लाल चादर ओढली आणि त्यात त्याला गुंडाळलं. हो, तीच. आजोबांनी मंजिष्ठेच्या मुळांच्या रंगात रंगवलेली, शेवटची राहिलेली.

डॉक्टर तरुण बाई आहेत, बोलतात भराभर, पण हात शांत. त्यांनी मागून कापसाच्या काडीवर थोडी विष्ठा घेतली, पट्टीवर टाकली आणि दोन रेघा उमटल्या. पार्वो. या विषाणूला मारणारं औषध नाही म्हणाल्या. तो आतडी सोलून काढतो, अंगातलं पाणी पळवतो. आपण सलाईननं पाणी भरत राहायचं, ओकारी थांबवायची, दुसरा कुठला जंतू आत शिरू नये म्हणून अँटिबायोटिक द्यायचं, अंग गरम ठेवायचं. बाकी लढायचं पिल्लानं. "एक लस झालीय, लवकर आणलंत. आशा ठेवा," एवढं सांगून त्यांनी हळदीला इतर कुत्र्यांपासून लांब, वेगळ्या खोलीत ठेवलं.

आईनं मग रोज मी नोकरीला जाते त्या बँकेपर्यंत माझ्याबरोबर यायचं आणि तिथून पुढं रिक्षानं दवाखान्यात जाऊन बाहेरच्या बाकावर बसायचं, असं चाललं. आत जाता येत नसे. ती काचेतून बघायची. तुमच्यासाठी हॉस्पिटलात बसली होती तशीच बसायची, पदर तोंडाशी धरून. मला भीती हळदीची होतीच, पण त्याहून जास्त आईची होती. हे पिल्लू गेलं असतं तर ती जन्मभर त्या एका वाक्याला धरून बसली असती, तुम्ही बसलात तशी.

आणि मग एका दुपारी आईचा फोन आला. नुसतं "ती उठली" म्हणाली आणि फोन डॉक्टरांच्या हातात दिला. हळदीनं पातळ खाणं चाटलं होतं आणि ते पोटात राहिलं होतं. मी काउंटरवर बसून रडले, अप्पा. समोरच्या म्हाताऱ्यांना वाटलं, त्यांच्या पासबुकात काही झालं.

घरी नेताना डॉक्टरांनी विचारलं, याआधी घरी कुत्री होती का. मी काजळचं सांगितलं, गेरूचं सांगितलं, ते गोणपाटसुद्धा. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "अंगण कशानं धुतलं होतं?"

फिनॉईलनं, दोनदा, मी जरा ऐटीतच सांगितलं.

"फिनॉईलगे इदु बग्गल्ल," त्या म्हणाल्या. फिनॉईलला हा वाकत नाही. साबणालाही नाही. महिनोन्‌महिने फरशीच्या फटीत, मातीत, गोणपाटात तग धरून बसतो. चपलेच्या तळव्याला चिकटून घरात येतो. याला वाकवणारं घरातलं सोपं औषध एकच, ब्लीच. आधी घाण काढून जागा स्वच्छ धुवायची, मग ब्लीचचं पाणी ओतून थोडा वेळ तसंच राहू द्यायचं. फिनॉईलमध्ये मात्र ते कधी मिसळायचं नाही. "आता इतक्या वर्षांनी शपथेवर सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण दुसरं पिल्लू पहिल्याच्याच जागेवर आजारी पडलं, असंच वाटतं. त्याला एकही लस नव्हती ना?"

नव्हती. तेव्हा आपल्यात कुणाला ठाऊक होतं, अप्पा?

रिक्षात मी आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं हळदीला मांडीवर जवळ ओढलं. मग म्हणाली, "म्हणजे त्यांचा हात नव्हता?"

"नव्हता, आई."

"आणि मी पण तेच धरून बसले होते की."

घरी आल्यावर ब्लीचिंग पावडर उंबऱ्याच्या आत आली. तुमच्या फोटोसमोरूनच नेली, लपवली नाही. हातमोजे घालून जिन्याखालचा कोपरा, अंगण, पायऱ्या, सगळं केलं. हळदी अजून काही दिवस विष्ठेतून विषाणू टाकत राहणार, म्हणून तिला गल्लीत सोडायचं नव्हतं. राहिली ती लाल चादर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पिल्लू ज्यावर पडलं ते जाळा नाहीतर ब्लीचमध्ये घाला. मी आईला म्हटलं, हिला प्लास्टिकमध्ये बांधून वर ठेवून देऊ. कधी उघडायचीच नाही.

आईनं ऐकलं नाही. धुतलेली चादर तिनं स्वतः बादलीत बुडवली, रंगाऱ्याच्या घरची सून. पाणी आधी गुलाबी झालं, मग मातकट. ती काठीनं दाबत राहिली. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून तोंड खांद्याला पुसलं. मी विचारलं, जड वाटतंय ना?

"वाटतंय की. रंग पुन्हा चढवता येतो गे. तुझ्या आजोबांनी जन्मभर तेच केलं."

चादर आता फिक्या गव्हाळ रंगाची झालीय, कडेला जरा लाल राहिलंय. हळदी तिच्यावरच झोपते. सगळ्या लसी पूर्ण झाल्या, पुढची वर्षानं. काल डॉक्टरांनी तिला तपासून खुशाल गल्लीत न्या म्हणून सांगितलं. म्हणूनच आज सकाळी ती एवढी चढेल झाली होती.

तुमची चप्पल मी तिच्या तोंडातून का सोडवत होते, माहीत आहे? सवय. इतके दिवस मी प्रत्येक चप्पल दाराबाहेर ठेवतेय, तळवे धुतेय. आईला तसं सांगितलं तर ती हसली. "ती चप्पल कुठं रस्त्यावर जाते गे आता? चावू दे. त्यांच्या पायाला तेवढंच पिल्लू."

तुमच्यावर थोडा राग आहे, अप्पा, तो लपवत नाही. आजोबांच्या हौदाचा नियम तुम्ही हौद बुजल्यावरही पाळलात, आणि त्याचा दोष आयुष्यभर स्वतःच्या हातावर घेतलात. कुणाला एकदा विचारायचं तरी. पण राग थोडाच आहे. हायसं वाटणंच जास्त आहे.

फुलवालीकडे हळदीची दोन भावंडं अजून आहेत. त्यांना लसी मी टोचून आणणार, दुधाच्या बूथपाशी जी पिल्लं येतील त्यांनाही, हे तुम्हाला वचन. आणि या घरात कुणाचा हात लाभत नाही, असं पुन्हा कुणी म्हणणार नाही, हेही. तिकडं एखादं पिल्लू तुमच्या धोतराला लोंबत असेल, नाही का? काळं असेल, नाहीतर गेरूच्या रंगाचं. वाका, अप्पा, आणि हात पुढे घ्या.

तुमची,
रेखा