आठ जादा नीरफणस

हिलो, ४ मे १९३४

ती. कपेकाताईस, एम्माचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल, मी सोडून. काल जाऊबाई होनोलुलूहून आल्या. तुमच्या चर्चच्या जत्रेत लुकिया नाओनेने मांडलेल्या तांबड्या गोधडीचं कौतुक करत होत्या. ऐकता ऐकता माझ्या बोटात सुई गेली. नीरफणसाच्या पानांचा तोच वळसा, देठाशी तेच चिरलेलं पान! लेकीच्या पहिल्या बाळासाठी तीन महिने खपून काढलेला माझा नमुना, ताई. दोरीवर गोधडी टाकताना मी जन्मभर उलटी टाकत आले, शेजारणीला दिसू नये म्हणून. नमुन्याचा कागद बघायला एकट्या तुला पाठवला होता.

जूनमध्ये मी माझी गोधडी मांडेन, तेव्हा हिलोभर लोक म्हणतील, एम्माने लुकियाचा नमुना चोरला. तिच्या गोधडीत म्हणे आठ फळं जादा आहेत. चोरी झाकायला घातली असणार बाईने.

तुझी लाडकी (आज चिडलेली) एम्मा


होनोलुलू, १२ मे

चि. एम्मास अ. उ. आ.

अगं, इतकं मनाला लावून घेऊ नये. नीरफणस काय तुझ्याच परसात लागतो? एकच नमुना दोघींच्या स्वप्नात येऊ शकतो. लुकिया देवभोळी बाई, दुसऱ्याच्या वाफ्यातलं अळूचं पानही तोडायची नाही. तिला नावं ठेवू नकोस, पाप लागेल.

तुझे दाजी बरे आहेत. यंदा मासे भरपूर मिळाले. हे आपलं सहज सांगितलं. तुझा कागद असेल कपाटातच.

बाळंतिणीला जप. माया पातळ करू नकोस.
कपेका


हिलो, १९ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

पानं स्वप्नात येतील, मान्य. पण ते एक पान चिरलंय, कारण रेघ ओढताना मांजराने माझ्या कोपराला धक्का दिला. लुकियाच्या स्वप्नात माझं मांजरही आलं का?

मी शनिवारी, सव्वीसच्या बोटीने निघते. रविवारी प्रार्थना आटोपली की उभी राहून तिला सगळ्यांदेखत चोर म्हणणार. कपाटातला कागद काढून ठेव, तिच्या गोधडीवर ठेवून दाखवते. दाजींना बंदरावर पाठव. त्यांना म्हणावं, मासे-बिसे आणू नका, कपड्यांना वास लागतो.

भांडायला येत असले तरी तुझीच,
एम्मा


होनोलुलू, २२ मे

चि. एम्मास अ. उ. आ.

येऊ नकोस. म्हणजे ये, पण आधी हे वाच. मार्चमध्ये तुझा कागद मेजावर ठेवून मी प्रार्थनेला गेले. तुझ्या दाजींना लुकियाकडे सुके मासे पोचवायचे होते. दुसरा कागद मिळाला नाही.

लुकियाने पुडी सोडली नि तशीच माझ्याकडे धावत आली. गळ्यात पडून रडली. म्हणाली, तीस वर्षं सुई धरली, पण आपला नमुना मला कुणी आपणहून दिला नाही. आता तिला मी काय सांगू, की बाई, ती माशांची पुडी होती? कागदावरच्या तेलाच्या गोल डागालाही तिने फळ समजून कापलं. कापड आठ पदरी दुमडून कापायचं, म्हणून एका डागाची फळं आठ.

शिव्या मला दे, भर चर्चमध्ये दे. तिला नको.

तुझी अपराधी बहीण,
कपेका


हिलो, २४ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तुझ्याशी जन्मात बोलायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी सहज ती आठ फळं माझ्या गोधडीवर टाचून पाहिली. शोभतात मेली. माझ्या डोक्यातून आली असती तर बरं वाटलं असतं, तुझ्या नवऱ्याच्या माशांतून यायची होती.

पण लुकियाचं ते रडणं मनातून जाईना. ताई, मी तरी कुणाला कधी आपणहून नमुना दिला? म्हणून बोटीने येणारच. रविवारी उभी राहून सांगणार, की नमुना माझा, आणि माझ्या बहिणीच्या हाती मीच तो लुकियाला पाठवला. पुडीचं मरेपर्यंत बोलायचं नाही, तिघांनीही. नमुन्याला नाव ठेवायचा मान मात्र काढणारणीचा. मी नुसतं 'कृपा' ठेवलंय, दाजींची. लोक देवाची समजतील, समजू देत.

दाजींसाठी कोरे कागद आणते, भरपूर.

आज गोधडी सुलटी वाळत घातली आहे. शेजारीण केव्हाची कुंपणाशी उभी आहे. आता जाते आणि तिला कागद-पेन्सिल नेऊन देते.

राग उतरला, लोभ तेवढा राहिला.
एम्मा