तुलनेचा हात

२ जून
नोकरीचा पहिला दिवस! प्रयोगशाळेत कशालाही हात लावू नकोस, असं आत्याने दारापर्यंत येऊन बजावलं. हात लावण्याचाच पगार मिळतो, हे तिला पटेना. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी स्वतः काम समजावलं. इथे बनवलेले रेणू जिवंत पेशीत सोडायचे. आत ते सुटे तरंगतात. पेशी कामाला लागली की आपोआप एकमेकांना धरून धागे विणतात. स्नायूची पेशी जितकी आकसेल, तितके धागे दाट. सूक्ष्मदर्शकाखाली अशी एक पेशी पाहिली, काचेसारखी. किती सुंदर, म्हटलं. शेजारच्या टेबलावरची सहकारी, जिला सगळे टाचणी म्हणतात, म्हणाली की प्रेमात पडू नकोस, मेलीय ती.

९ जून
रेणू ज्या द्रवात विरघळवतो तो हातमोज्यातून झिरपतो. सांडला की मोजे लगेच बदलायचे. आज उजव्या हातावर रेणू मिसळलेली अख्खी बाटली उलटली. थांबलीस तर पेशींच्या तबकड्या वाया जातील, आधी हातातलं संपव, असं मॅडम म्हणाल्या. संपवलं. थोड्या वेळाने तोंडाला लसणाची चव आली. टाचणीने विचारलं, डब्यात काय होतं? काहीच खाल्लं नाही म्हटल्यावर तिचं हसू मावळलं. द्रव अंगात शिरला की तीच चव येते म्हणे.

१२ जून
करंगळी वळेना. आत्या म्हणते, हात चालता ठेव, बसलं अंग गंजतं. मॅडमनीही तेच सांगितलं, फार मायेने. रबरी चेंडू दिला: उजव्याने दाबत राहायचं, डाव्याला पूर्ण आराम. रोज दोन्ही हातांचे फोटो काढतात.

१६ जून
उजवी मूठ मिटली ती मिटलीच. चेंडू आतच आहे. डाव्याने लिहितेय. टाचणीने जिन्यात गाठून झापलं: वेडे, दाबशील तितकं विणलं जाणार, डावा नुसता तुलनेला राखलाय! मला माहीत होतं. पहिल्याच दिवसापासून. पण मॅडम इतक्या प्रेमाने—

१७ जून
धागे सोडवायचं औषध मागितलं. मॅडम म्हणाल्या, विणायला आत्ता कुठे जमलंय, उसवायचं नंतर बघू. मग खांद्यापर्यंत बोट दाबत आल्या. कुठवर आखडलंय, विचारत.

१९ जून
पडून आहे. हलायचं नाही. आत्या पातळ करून भरवते. रडायचंही नाही, छाती हलते. माझ्या वाटचं तीच रडते, आतल्या खोलीत.

२० जून
मॅडम घरी आल्या. फुलं घेऊन. आत्याला सांगून गेल्या— हिला खोल श्वास घ्यायला लावा, छाती मोकळी होईल.
जीभ जड. ही सगळी पानं आत्याला दाखवली. वाचली तिने. म्हणाली, बाईंनी सांगितलंय, भास होतील. एवढ्या शिकलेल्या बाई खोटं कशाला बोलतील—
छातीवर हात ठेवून बसलीय. घे बाळा. मोठा घे.
बरगड्या—
शाबास, म्हणते. अजून ए