चित्राची खालची पट्टी

बाबा, लंडनजवळच्या आपल्या पिनरच्या घरात किचनमधलं ते गव्हाच्या शेताचं छापील चित्र आज मी भिंतीवरून उतरवलं आणि फ्रेम मागून उघडली. तुम्ही गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

मी शाळेत उशिरा गेले. त्याआधीचं सगळं तुम्हीच शिकवलंत, त्या चित्राखालच्या टेबलावर. आई हॉस्पिटलात ड्यूटीवर गेली की तुम्ही कपबशा बाजूला सारून चित्रावर चौकटी आखलेला ट्रेसिंग पेपर लावायचात, आणि मी एकेक चौकट माझ्या कागदावर मोठी करून काढायची. तुम्ही शेजारी बसून सांगायचात: अमेरिकेत मंदी आली, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा सरकारनं चित्रकारांना पगार देऊन पोस्ट ऑफिसांच्या भिंती रंगवून घेतल्या, हे त्यातल्याच एका भिंतीचं चित्र. एकदा मी एक चौकट सोडली.

"ही रिकामी का?"

"तिथे नुसतं आकाश आहे, बाबा."

"नुसतं? त्यानं रंगवलंय ना? मग सोडणारी तू कोण? चीटिंग आहे हे. परत कर."

रडत रडत केली. तेव्हापासून मी काही सोडत नाही. साधा ईमेलसुद्धा परत परत वाचल्याशिवाय माझ्याच्यानं पाठवला जात नाही.

गेल्या आठवड्यात लंडनला, त्या काळच्या अमेरिकन चित्रांच्या प्रदर्शनात, त्याच भिंतीचं कच्चं चित्र दिसलं. त्यावर पेन्सिलीच्या चौकटी तशाच होत्या. तो चित्रकारही आपल्यासारखंच करायचा, म्हणून केवढा आनंद झाला मला! मग नजर खाली गेली. गव्हाखाली आणखी एक पट्टी होती. फुकटच्या सूपसाठी ओळीनं उभी असलेली बेकार माणसं, एकाचा कोट तर चांगला इस्त्रीचा. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, की युद्ध सुरू झाल्यावर गावानं ती माणसं रंगानं झाकून टाकली.

आपल्या घरी युद्धाचीही गरज पडली नाही. आज फ्रेम उघडली, तर तीच माणसं आपल्या चित्रात मागे दुमडलेली निघाली. घडी अगदी सरळ, तुमच्या हातची.

"आई, हे काय?"

आई चहा गाळत होती. "अगं, रिडंडंट केलं होतं ना त्यांना, कामावरून कमी केलं होतं. म्हणाले, रोज डोळ्यांसमोर ही लाइन नको. आणि पोरीला काही बोलू नकोस."

"मग मला घरी शिकवणं?"

"घरी होतेच की ते. जॉब लागल्यावर लगेच शाळेत नाही का घातलं तुला?"

बाबा, मला वाटायचं तुम्ही माझ्यासाठी नोकरी सोडलीत. ईलिंगच्या मावशीकडे, मैत्रिणींत, सगळीकडे मी हे मिरवत आले. एवढ्याशा आकाशासाठी मला रडवलंत, आणि स्वतः अख्खी माणसं गाळलीत. नोकरी गेलेला बाप मला चालला असता. आईलाही गप्प बसवून वर मला खरेपणा शिकवणारा बाप मला आता कुठे ठेवायचा ते कळत नाही.

ब्रिस्टलला माझ्या घरी परतताना ट्रेनमध्ये लिहितेय. उतरण्याआधी फाडून टाकीन, कारण हे कधी आईच्या हाती लागायला नको. बँका कोसळल्यापासून आमच्या ऑफिसातही माणसं कमी करताहेत, आणि परवा मलाही नोटीस मिळाली. मघाशी किचनमध्ये, चित्र पूर्ण उलगडूनच लावायचं, असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात आईनं कप पुढे केला. "तुझं काय गं, काम कसं चाललंय?"

"बिझी," मी म्हटलं, आणि घडी होती तशीच घालून फ्रेम बंद केली.