कल्याण बंदराच्या चित्रातील पगड्या व मिरच्यांबाबत

प्रति,
मा. सचिव,
बंदर-भित्तिचित्र समिती, कल्याण

विषय : दोन हजार वर्षांपूर्वीच्या बंदराच्या चित्रात आपण घुसडलेल्या पगड्या व मिरच्या आणि त्याखालील माझे नाव पुसण्याबाबत.
संदर्भ : आपला शेरा, "चित्र ऐतिहासिक वाटत नाही."

महोदय,

१. मी निवृत्त चित्रकला शिक्षक. आपल्याच विनंतीवरून पुलाखालच्या भिंतीवर सातवाहनकालीन कल्याण बंदर रंगवले. त्यासाठी आठ महिने लेण्यांतली शिल्पे पाहिली. समितीने चित्र आठ मिनिटे पाहिले.

२. शिल्पांत पाहून काढलेली व्यापाऱ्यांची गाठीची पागोटी पुसून आपल्या पेंटरने पेशवाई पगड्या चढवल्या. ही माणसे पेशवाईच्या सतराशे वर्षे आधी वारली. एवढ्या उशिरा त्यांचा सत्कार कशासाठी? काळ्या मिऱ्यांच्या ढिगाला लाल रंग फासून मिरच्या केल्या. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली, त्याला जेमतेम पाचशे वर्षे झाली. हे सांगितल्यावर सदस्य श्री. सुदेश म्हणाले, "सर, काळं काळं काय दाखवता? पब्लिकला हिस्ट्रीचा फील आला पाहिजे." रंगाचा डबा हाती आला की अज्ञान असे भिंतभर पसरते. मला त्याची शिसारी येते.

३. पुरावा म्हणून आपण गणेशोत्सव मंडळाच्या जुन्या देखाव्याचा फोटो पाठवलात. पडद्यावरच्या सातवाहन राजाला पगडी आहे, म्हणजे ती होतीच! या न्यायाने फोटोतले हॅलोजनही सातवाहनांचेच. सोमवारी शाळेची मुले वह्या घेऊन भिंतीसमोर बसणार आहेत. ती हेच उतरवून घेतील आणि खाली माझे नाव वाचतील. चाळीस वर्षे मुलांना शिकवल्यावर ही शोभा मला नको. त्याआधी नाव पुसावे.

४. एवढे लिहून काल अर्ज द्यायला निघालो. भिंतीसमोर मिरच्या विकणाऱ्या गोदूबाईंना आपला पुरावा दाखवून हसवावे म्हटले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, हा पडदा तर तुम्हीच रंगवलेला. आमच्याच मंडळाला."

घरी येऊन भिंग लावले. कोपऱ्यात माझी सही आहे. तीस वर्षांपूर्वी मंडळाला घाई होती, शिल्पे पाहायला मला वेळ नव्हता आणि पगडी हाताच्या सवयीची होती.

५. सबब नाव पुसण्याची विनंती मागे घेतो. ते पगड्यांखाली ठळक अक्षरांत लिहावे. मिरच्या मात्र समितीच्या नावावर राहाव्यात. त्या माझ्या नव्हेत.

आपला नाइलाजाने नम्र,
(सही)
त्र्यंबक वर्तक
कल्याण (पश्चिम), दि. ११ डिसेंबर २०२४

सोबत : आपला पुरावा, साभार परत.