लाल पिस्टचा कौल

८ जानेवारी २००६, रविवार

काल सकाळी साडेसहाला आंघोळ करून देवापुढे बसलो आणि रवळनाथाला कौल लावला. प्रश्न एकच: निळी पिस्ट, म्हणजे स्कीचा सोपा उतार, सोडून आता अवघड लालवर जावं का.

गावी हे काम गुरव करतो. बाड हॉम्बुर्गमध्ये गुरव कुठून आणणार? देवाच्या चांदीच्या टाकावर कार्नेशनच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. मग लक्षात आलं की देव्हारा हायझुंगच्या, म्हणजे हीटरच्या, वर आहे आणि गरम हवा डावीकडूनच येते. म्हणजे तो कौल नव्हे, हवा. हायझुंग बंद करून परत लावला. पुन्हा डावी. ती पाकळी मुळातच जड होती. चौथ्या वेळी उजवी पडली. देवाची परवानगी मिळाली.

वसुधा चहा घेऊन दारात उभी होती. म्हणाली, अहो, देवाला एकदा विचारतात, सही मिळेपर्यंत फाईल फिरवत नाहीत. मी पूजेत बोलत नाही.

कारण लिहून ठेवतो. ईप्सिता चौदा वर्षांची झाली. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि ते उत्तर बहुधा एका शब्दाचं असतं. शाळेच्या स्की-सहलीपासून ती लाल, काळी, सगळ्या पिस्टवरून उतरते. कार्निव्हालच्या जोडसुट्टीत आम्ही तिघं तीन दिवस आल्गॉयच्या डोंगरात जाणार आहोत. तिची मैत्रीण लेना आणि लेनाचे आईवडीलही तिथेच असणार. गुरुवारी जेवताना ईप्सितानं जाहीर केलं की ती तिथे लेनाबरोबर फिरेल. पप्पा निळीवर असतात आणि निळी लांगवाइलिग, कंटाळवाणी. मी विचारलं, आणि पप्पा लालवर आले तर? घास चावत तिनं बराच विचार केला. म्हणाली, डान शोन. मग चालेल.

सात आठवडे आहेत. मागच्या हिवाळ्यात तीन शनिवारांचा कोर्स केलेला आहे, सर्टिफिकेट आहे. मी आता बिगिनर नाही. संकल्प: आजपासून निळी बंद.

१५ जानेवारी, रविवार

काल ऑफिसातल्या दिनकरबरोबर विंटरबेर्गला गेलो. दिनकर पुण्याचा, सहा वर्षं स्की करतो. वाटेत म्हणाला, लालला काय घाबरायचं, भास्करराव, लाल म्हणजे निळीच, फक्त जरा तिखट. वर पोचल्यावर म्हणाला, खाली भेटू. आणि गेला. माणूस असा जाईल असं वाटलं नव्हतं.

लाल पिस्टचा पहिला तृतीयांश भाग स्कीवर उतरलो. दुसरा बसून. तिसरा स्की खांद्यावर घेऊन, कडेकडेनं. बर्फ कडक होता. शिवाय जर्मन लोक पिस्टच्या मधोमध उभे राहून गप्पा मारतात. पाच-सहा वर्षांची एक मुलगी गाणं म्हणत शेजारून गेली. ती पुढची टोकं जुळवून आणि शेपट्या फाकवून चालली होती. याला इथे पिझ्झा म्हणतात, वेग कमी करायची पहिली पायरी. मीही पिझ्झाच करत होतो. माझा मात्र थांबत नव्हता. वजनाचा फरक.

तरी तत्त्वतः लाल पिस्ट झाली.

२२ जानेवारी, रविवार

आठवडाभर विचार केला. भीती उताराची नाहीच. आमची शाळा सड्यावर होती. सात वर्षं ती कातळाची घाटी मी रोज अनवाणी उतरलो, दप्तर डोक्यावर घेऊन. फरक इतकाच की तिथे पाय स्वतःचे होते.

मग इंजिनियरसारखा बसलो. नियम असा: निळी पंचवीस टक्के उतारापर्यंत, लाल चाळीसपर्यंत. नकाशावरून विंटरबेर्गच्या त्या लाल पिस्टचा सरासरी उतार काढला. एकोणीस टक्के. म्हणजे ती निळीच आहे. कुठल्या तरी चाळीस मीटरच्या तुकड्यामुळे अख्ख्या पिस्टला लाल रंग दिला आहे. मला त्या चाळीस मीटरनी फसवलं.

संकल्प: यापुढे पिस्ट रंगावरून निवडायची नाही, सरासरीवरून. विंटरबेर्ग आणि आल्गॉयच्या सगळ्या पिस्टचा तक्ता करून लॅमिनेट केला. वसुधा म्हणाली, सरासरी काढली तर आपल्या इमारतीचा जिनाही बराच सपाट निघेल. तिला आकडेवारीत गती नाही.

२९ जानेवारी, रविवार

काल पुन्हा दिनकरबरोबर विंटरबेर्गला गेलो. तक्त्याप्रमाणे सतरा टक्क्यांची लाल निवडली. ती अर्धी सपाट होती आणि मग एकदम भिंत. सपाट भागानं सरासरी खाली आणली होती. आकड्यांवर विश्वास ठेवला, तर आकड्यांनी असं केलं.

भिंतीच्या वर कडेला बसलो. मन शांत व्हावं म्हणून हातमोज्यात बोटांवर जप सुरू केला. वीसेक मिनिटं झाली असतील. लाल जाकिटातला बचावपथकाचा माणूस आला. सगळं ठीक आहे का, म्हणाला. मी मान हलवली. मग काय करताय, म्हणाला. मी खरं ते सांगितलं: प्रार्थना करतोय. त्यानं लगेच वॉकी-टॉकी काढला.

खोटं बोलता आलं असतं. नाश्ता करतोय म्हणालो असतो तर निघून गेला असता. दोघांनी मला बर्फाच्या घसरगाडीत झोपवलं, पट्टे आवळले आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. माझं काही दुखत नाही, असं मी तीनदा सांगितलं. या, या, म्हणजे हो, हो, म्हणाले. लिफ्टच्या रांगेतल्या माणसांनी वाट करून दिली. एका बाईनं टोपी काढली. दिनकरही रांगेत होता. त्याला म्हटलं, घरी बोलू नकोस. तो म्हणाला, भास्करराव, मी बोलेन असं आपलं नातं आहे का?

५ फेब्रुवारी, रविवार

काल महाराष्ट्र मंडळाचं हळदीकुंकू होतं. दिनकरनं तिळगूळ वाटता वाटता सगळं सांगितलं. पांघरुणासकट. टोपी काढणारी बाई त्यानं दोन केली. वसुधा हसली नाही, हे तिचं मोठेपण. पण ईप्सिता प्लेट घेऊन मागेच उभी होती. तिनं किती ऐकलं कळत नाही.

रात्री जेवताना मी विषय सरळ केला. सांगितलं की आतापर्यंत तीन लाल पिस्ट झाल्या. तिसरी म्हणजे पहिलीच, पण तिचा वरचा भाग मी दोनदा केला होता. ईप्सिता म्हणाली, एश्ट? खरंच? आणि आईकडे बघितलं. आईनं आमटी वाढली.

गुडघा दुखतोय. पुढचे दोन शनिवार विश्रांती. वर्ल्ड क्लास खेळाडूही स्पर्धेआधी विश्रांती घेतात.

१९ फेब्रुवारी, रविवार

आल्गॉयच्या लाल पिस्टबद्दल कौल लावला. हायझुंग बंद, पाकळ्या सारख्या मापाच्या. पाच वेळा डावी.

मग उमजलं. रवळनाथ आमचा ग्रामदेव. त्याची सत्ता गावच्या शिवेपर्यंत. आल्गॉयबद्दल त्याला विचारणं हीच चूक, अडचणीत येऊन तो नाही म्हणणार. जानेवारीतला होकार मात्र कायम आहे, कारण तो प्रश्न सर्वसाधारण होता.

तरीही पाच वेळा. अठ्ठेचाळीस वर्षं एकही दिवस पूजा चुकवली नाही. निदान मुंजीनंतर तरी नाही.

२५ फेब्रुवारी, शनिवार. आल्गॉय, सायंकाळी पाच

झालं. लाल पिस्ट झाली. वरून खालपर्यंत, पायावर, एकदाही न पडता. तीही सहा वेळा.

काल संध्याकाळपासून बर्फ पडत होता. सकाळी लिफ्टवरून उतरल्यावर मी तक्ता काढला, तर ईप्सितानं तो माझ्या हातातून घेतला, घडी होत नव्हती तरी घडी केली आणि स्वतःच्या खिशात घातला. म्हणाली, पिस्ट मी निवडते. डी झीबन. सात नंबर. लाल. कडेच्या खांबांवरच्या गोल पाट्या बर्फानं पूर्ण भरल्या होत्या, तिला नंबर कसा कळला देव जाणे.

ती पुढे जायची आणि वळणावर थांबायची. मी पोचलो की पुन्हा पुढे. तिसऱ्या वळणावर वेग जरा वाढला तेव्हा ओरडून म्हणाली, हळू, पप्पा. मराठीत. किती दिवसांनी ऐकलं.

चार तास ती माझ्याबरोबर होती. हुट्टेत, डोंगरावरच्या खानावळीत, बसून दोघांनी एका ताटलीत पोमेस, म्हणजे बटाट्याचे फ्राइज, खाल्ले. तिच्या वर्गातल्या गणिताच्या बाईंबद्दल ती सलग दहा वाक्यं बोलली. मी मोजली नाहीत, पण दहा असतील.

गंमत म्हणजे लाल इतकी अवघड नाहीच. विंटरबेर्गची लाल चुकीची बनवली आहे. इथली बघा, कशी रुंद, एकसारखी. दिनकरला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, अभिनंदन, भास्करराव, आता काळी. त्याच्या आवाजात असूया होती.

२६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी लख्ख ऊन. ईप्सिता लेनाच्या वडिलांबरोबर तासभर जाऊन येते म्हणाली. मी वसुधाला म्हटलं, कॅमेरा घेऊन पायथ्याशी उभी राहा, लालवरून उतरतानाचा फोटो हवा. बाबांना गावी पाठवायचा होता.

सात नंबरच्या दुसऱ्या वळणावर थांबलो. उन्हानं पाटीवरचा बर्फ गळून पडला होता. पाटी निळी. हातमोज्यानं पुसली. निळीच. पुढच्या वळणावरची पाहिली, ती निळी. त्याच्या पुढची, ती तर नवीन रंगवलेली. खाली लिफ्टवरच्या म्हाताऱ्याला विचारलं, ही पिस्ट अलीकडे बदलली का. तो म्हणाला, सात? सात कायम निळी. माझी बायको दोन्ही सांधे बदलल्यावर हिच्यावरूनच उतरते.

वसुधानं फोटो काढला. म्हणाली, छान आलाय. मी तिला म्हटलं, ही निळी आहे. ती कॅमेऱ्याची पिशवी बंद करत राहिली. मग म्हणाली, अहो, हळदीकुंकवाच्या रात्रीच पोरगी माझ्याकडे आली होती. म्हणाली, पप्पांना परत त्या गाडीत घालून आणलं तर मी बघू शकणार नाही. दोघी नकाशा आणि तुमचा तो तक्ता घेऊन बसलो. तिनंच शोधली सात नंबर. मी फक्त गप्प राहिले.

तीन आठवडे. माझ्या घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलावर, माझ्याच लॅमिनेट केलेल्या तक्त्यावरून. देवानं फसवलं, आकड्यांनी फसवलं, दिनकर तर दिनकरच. पण बायको आणि मुलगी. बर्फसुद्धा त्यांना सामील.

वसुधाला म्हटलं, चौथ्या वळणाजवळ उतार सत्तावीस टक्के तरी असेल. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या लाल. ती म्हणाली, मग तिला जाऊन तसं सांगा.

सांगायलाच हुट्टेच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. समोर काळी पिस्ट होती. नुसती बघवत नव्हती. वरून कोणी तरी उतरत होतं, दोन्ही स्की जोडलेल्या, खांदे स्थिर, जणू खाली कोणी दोरीनं ओढतंय. मी मनात म्हटलं, काय शिकवलं आहे या लोकांनी आपल्या पोरांना. ती माझ्यापासून चार हातांवर येऊन थांबली आणि गॉगल वर केला. ईप्सिता होती.

इतकं येत असून काल चार तास तिनं मला एकदाही जाणवू दिलं नाही. घरातल्या माणसानं इतकं लपवावं?

मग म्हणाली, पप्पा, डी झीबन? चेहरा अगदी सरळ. काय बोलायचं ते सगळं ठरवून आलो होतो. जाऊ या म्हणालो. पाट्यांकडे मी बघितलं नाही. तीही प्रत्येक वळणावर नेमकी पाटीच्या पुढे उभी राहत होती. खाली आल्यावर तिनं विचारलं, कालच्यापेक्षा अवघड होती का. मी म्हटलं, जरा.

निर्णय घेतला आहे. उद्या तिला स्पष्ट सांगायचं.

२७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी निघण्यापूर्वी

सकाळी नाश्त्याला सांगायचं होतं, पण तिथे ब्रेडची रांग होती. लिफ्टमध्ये सांगायचं होतं, पण तिसरा माणूस बसला. वर पोचल्यावर लेना आणि तिचे वडील काळीच्या तोंडाशी उभे दिसले. ईप्सितानं त्यांना हात केला आणि माझ्याबरोबर डावीकडे, सातकडे वळली.

तेव्हा सांगितलं. सात निळी आहे, हे मला माहीत आहे. तू लेनाबरोबर जा, मी निळीवरून येतो, मला निळीच जमते.

ती लाल झाली.  मग म्हणाली, सिशर? नक्की? मी म्हटलं, नक्की. ती पुन्हा एकदा विचारेल असं वाटून मी काठ्या रोवून उभा राहिलो.

ती गेली. इतक्या पटकन जाईल असं वाटलं नव्हतं.

मी पिझ्झा केला आणि सात नंबरवरून एकटा खाली आलो.