कापलेला समास

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. पुस्तकबांधणीचं काम हातघाईवर आलं होतं, त्यात आमची शाई मांजर आजारी. हिरड्या सुजल्या, खाणं सुटलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू निघाला. माणसाला तो लागत नाही. एका ताटलीत खाल्ल्यानेही सहसा पसरत नाही, खोल चावा बसला की पसरतो. घरात ठेवली, कच्चं मांस बंद केलं आणि बारीकसारीक दुखणंही वेळेवर दाखवलं, तर ती वर्षानुवर्षं जगेल म्हणाल्या. आता बाईसाहेब खिडकीत बसून बाहेरच्या बोक्यांना शिव्या घालतात.

तुझ्याकडची ठिपकी तिचंच पिल्लू, म्हणून तिचंही रक्त तपासून घे. बाईंनी दिलेला सूचनांचा कागद सोबत आहे. कडा चुरगळल्या होत्या, म्हणून मशीनवर सरळ कापून मागे पुठ्ठा लावलाय. हसू नकोस, हाताची सवय आहे.

भावजींना नमस्कार. माझ्यावर आहे तशीच माया असू दे.

तुझा धाकटा

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

इथले डॉक्टर गुराढोरांचे. त्यांनी ठिपकीचं रक्त बाहेरगावी पाठवलं. काल उत्तर आलं, तिच्यातही तेच निघालं. माझ्या तर काळजाचं पाणी झालं.

तुझ्या भावजींना म्हातारा बोकोबा जीव की प्राण, हे तुला ठाऊक आहे. ही नखभर पोरगी दिवसभर त्याच्या मानेला लटकते, आणि तो अकरा वर्षांचा गृहस्थ दहा वेळा सोसून अकराव्यांदा फटका देतो. दोघांना वेगळं ठेवायचं तर खोल्या दोनच, त्यातल्या एकीत माझं शिवणाचं दुकान. गिऱ्हाईक आलं की दार उघडं. तुझा कागद तीनदा वाचला. काही सुचत नाही.

हिरड्यांचं औषध शाईला वेळेवर देतोस ना? स्वतःही वेळेवर जेव. ताईचा जीव तुझ्यापाशी असतो.

तुझी ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार.

सगळं बाजूला ठेवून हे आधी वाच. ठिपकीचं काहीही करू नकोस.

आज शाईला वजनासाठी नेलं, तेव्हा बोलता बोलता ठिपकीचा विषय निघाला. बाई म्हणाल्या, आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाच्या रक्तात काही महिने राहतात आणि तपासणीत तीच दिसतात. सहा महिने पुरे झाल्यावर पुन्हा तपासायचं. बरीच पिल्लं तेव्हा निरोगी निघतात. हे आधी का सांगितलं नाही, असं मी जरा रागानेच विचारलं. त्या म्हणाल्या, कागदाच्या समासात हाताने लिहिलं होतं.

तो समास मी कापला, ताई. तीस वर्षं लोकांची पुस्तकं कापतोय, पण आधी पान न् पान बघितल्याशिवाय पातं खाली आणत नाही. आपल्या घरचा कागद तेवढा न बघता कापला.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि भावजी उचलत नाहीत, म्हणून हे जलद टपालाने पाठवतोय. तुला जमत नसेल तर मी येऊन ठिपकीला घेऊन जातो. तोवर तिला सांभाळ.

तुझा धाकटा

३ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. ठिपकीला आम्ही मंगळवारीच डॉक्टरांकडे कायमचं झोपवायला नेलं होतं.

सोमवारी बोकोबाच्या मानेवर दातांचे व्रण दिसले आणि तुझे भावजी हबकले. डॉक्टरांनी मात्र घाई केली नाही. पुन्हा तपासायचं कुठे लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं. मी कागद पुढे केला. त्यांनी तो दोनदा वाचला, पुठ्ठा उलटूनही पाहिला. सुई टोचेपर्यंत ती माझ्या गळ्यातल्या टेपशी खेळत होती.

तुझा राग आला, खोटं कशाला बोलू? दोन दिवस कागदाला हात लावला नाही. पण समास तू कापलास, आणि घाई मी केली. तुला एक ओळ लिहून विचारता आलं असतं. घाबरले होते, म्हणून विचारलं नाही. तेव्हा सगळं आपल्या एकट्याच्या माथ्यावर घेऊ नकोस.

भावजींना अजून काही सांगितलेलं नाही. ते बोकोबाला मांडीवर घेऊन म्हणतात, बरं झालं, वेळेवर सुटलो. मी मान हलवते आणि शिवत बसते.

शाईला जप. लोभ आटलेला नाही, एवढं धरून चाल. नऊ मेला ठिपकीला सहा महिने झाले असते. त्या दिवशी पत्र नको, तू ये.

तुझी ताई