ठोक्यानं घेतलेली गाडी

पडेगाव,
पाडव्याची सकाळ

तीर्थस्वरूप पुंजाराम दाजींच्या पायावर धाकट्या मेव्हण्याचं, म्हणजे सुदर्शनचं डोकं. (अक्काच्या पायावरही ठेवलं असतं, पण सध्या तिनं पाय मागं घेतलेत. म्हणून दोघांचं मिळून तुमच्याच पायावर ठेवतो, थोडा वेळ जास्त ठेवतो.)

तुमचा गुडघा कसा आहे? बैलांची तब्येत? सीताफळं यंदा चांगली उतरली असं ऐकतो. ऐकतोच, कारण दरसाल कोजागरीला येणारी टोपली यंदा आमच्याकडं आली नाही. इकडं आम्ही खुशाल आहोत, म्हणजे रत्नमाला खुशाल आहे आणि मी तिच्याच घरात राहतो. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. दाजी, तुमच्या घरात फोन एक आणि तो अक्काच्या कमरेला. मी सतरा वेळा लावला. सोळा वेळा तिनं कापला आणि सतराव्या वेळी उचलून शेळीच्या तोंडाशी धरला. मी शेळीशी चांगली पाच मिनिटं बोललो (माफीच मागत होतो, निम्मी मागून झाल्यावर शेळी ओरडली). म्हणून हे पत्र. विहिरीवर जाऊन, चष्मा लावून, एकट्यानं वाचा. मी घरी निवांत बसून, डोकं थंड ठेवून लिहितोय.

आता गाडीची हकीकत पहिल्यापासून सांगतो, कारण अक्काच्या शेजारी सीताफळं विकणाऱ्या सारजाबाईमार्फत तुमच्यापर्यंत जी पोचली ती तिच्या टोपलीसारखी आहे, वर चार चांगली फळं आणि खाली नुसता पाला. इलेक्ट्रिक गाडी मी विकत घेतलेली नाही, लीजवर घेतली आहे. लीज म्हणजे काय हे मी तुम्हाला काय सांगावं, तुम्ही पंधरा वर्षं दुसऱ्याचं रान ठोक्यानं करता. तसंच हे. गाडी कंपनीची, चालवायची आपण, दर महिन्याला ठोका भरायचा आणि तीन वर्षांनी जशी घेतली तशी परत द्यायची. फरक एवढाच की रान परत देताना मालक ढेकळं मोजत बसत नाही. इथं मोजतात.

वाळूजच्या कारखान्यात माझं काम काय, तर बाहेरून आलेला माल तपासायचा आणि नाकारायचा. अठ्ठावीस वर्षं हेच केलं. त्यामुळं ज्येष्ठात तीन कंपन्यांचे लीजचे कागद एकदम घरात आले तेव्हा मला जो आनंद झाला तो काय सांगू (रत्नमाला म्हणते, मला बघायला आला होता तेव्हा तुमचा चेहरा एवढा खुलला नव्हता). जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं मी तक्ता आखला आणि फ्रिजवर चिकटवला. पहिल्या कंपनीचा हप्ता सगळ्यांत कमी, पण विमा वेगळा, टायर वेगळे, सर्व्हिसिंग वेगळं. म्हणजे जेवणाचं ताट स्वस्त आणि भाकरी, मीठ, पाणी ज्याचं त्यानं आणायचं. दुसरीचा कारभार आणखी न्यारा. गाडी एकाकडून घ्यायची, बॅटरी दुसऱ्याकडून भाड्यानं आणि तिचं भाडं जेवढं चालवाल तेवढं. दाजी, हे म्हणजे बैल एकाचा आणि त्याचे पाय दुसऱ्याचे. तिसरीच्या हप्त्यात सगळं आलं, फक्त दोन अटी. वर्षाला दहा हजार किलोमीटरच्या वर जायचं नाही आणि अंगावर ओरखडा-डाग दिसला की परत देताना वजावट. ह्या तिघींची मी चार महिने तुलना केली. तक्त्यात बेचाळीस ओळी झाल्या. तिसऱ्या कंपनीच्या सेल्समनचं मधल्या काळात लग्न ठरलं आणि लागलंही. मी लग्नाला गेलो होतो (आहेर केला, आणि डाग कशाला म्हणायचं ते बोहल्यावरच विचारून घेतलं). शेवटी तिसरी पक्की केली. बेचाळीस ओळींत हॉर्नच्या आवाजाला एक ओळ होती, वायपरला दोन होत्या. अक्काला कधी बोलवायचं, ही ओळ नव्हती.

जुन्या लाल गाडीचं तुम्हाला लिहायलाच हवं, कारण ते मी रत्नमालेलाही सांगितलेलं नाही. ती सेकंडहँड गाडी आणली तेव्हा अक्का सीताफळांची टोपली सारजाबाईच्या हवाली करून काळीपिवळीत बसून आली होती, मांडीवर ताट आणि ताटावर पदर. तेलात कालवलेलं कुंकू, बॉनेटवर पाच बोटं. माझ्या पहिल्या सायकलीपासून तिचा हा दस्तूर आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. सायकल, लुना, मोटारसायकल, कुठल्याही वाहनाला माझ्याआधी तिचा हात लागला. आई गेल्यावर नऊ वर्षांच्या मला तिनं तुमच्या घरी आणलं, किल्ल्याखाली सीताफळं विकून आयटीआयची फी भरली, आणि त्या बदल्यात आयुष्यात एवढा एकच हक्क मागितला, की वाहन आलं की पहिलं कुंकू माझं. तर त्या लाल गाडीवरची पाच बोटं अकरा वर्षं गेली नाहीत. नवी घेताना जुनी द्यायची ठरली आणि तिची किंमत करायला कंपनीचा माणूस आला. हातात टॉर्च, काखेत वही (माझ्याच धंद्यातला, चालण्यावरून ओळखलं). त्यानं बॉनेटवर उजेड पाडला आणि लिहिलं, डाग, पाच. मग शिस्तीत मला विचारलं, डागच आहेत ना? मी म्हणालो, हो, डागच आहेत. दाजी, ज्या माणसाला गाडी ठरवायला चार महिने लागले त्याला हे म्हणायला घोटभर पाणी पिण्याएवढाही वेळ लागला नाही. तेव्हा काही वाटलं नाही. आता रोज वाटतं, सकाळी दाढी करताना तर हमखास.

दसऱ्याला नवी गाडी दारात आली. रत्नमालेनं कुंकू कालवलं होतं, मी वाटी तिच्या हातातून काढून घेतली. शंका नको म्हणून आधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला आणि कुंकवाची पाच बोटं चालतील का ते विचारलं. तिकडच्या बाईनं मला थांबवून ठेवलं, बराच वेळ बासरी ऐकवली आणि मग सांगितलं, की बाहेरची ॲक्सेसरी बसवली तर वॉरंटी जाते. म्हणून पूजा नाही. पूजाच नाही तर अक्काला बोलावणं कशाचं, म्हणून बोलावणं नाही. आणि वर माझी अक्कल अशी, की भाड्याच्या वस्तूची कसली पूजा, लॉजच्या खोलीत शिरताना कुणी वास्तुशांत करतं का? हा मुद्दा मला तेव्हा लई बिनतोड वाटला होता. कारखान्याच्या बसमध्ये मी तो दोघांना ऐकवलासुद्धा.

तिसऱ्या दिवशी सारजाबाई आमच्या कॉलनीत सीताफळं घेऊन आली. तिनं गाडी बघितली, पूजा का नाही ते विचारलं, मी माझा मुद्दा सविस्तर सांगितला. ती परत गेली आणि अक्काच्या शेजारी टोपली मांडता मांडता म्हणाली, भावानं गाडी घेतली, पेढे कुठंयत? चार गिऱ्हाइकांसमोर अक्काला दुसरीच्या तोंडून कळलं. कुठली गाडी, काय रंग, तिला काहीच सांगता आलं नाही. सारजाबाई म्हणते, ती नुसतं ‘असंल’ म्हणाली आणि सीताफळं मोजायला लागली, आणि डझनाला तेरा मोजली. जन्मात तिचं मोजण्यात चुकलेलं नाही, ते त्या दिवशी चुकलं. मग माझा तो बिनतोड मुद्दाही सारजाबाईनं तिच्या कानावर घातला. त्यावर अक्का जे बोलली ते जसंच्या तसं माझ्याकडं पोचलंय.

‘त्याला म्हणावं, आमचं रानबी ठोक्याचंच हाय. तरी पेरायच्या आधी बांधावर नारळ फोडतोच ना? परत द्यायचं म्हणून देव येत नाय व्हय?’

ह्याचं उत्तर मी तक्ता पुन्हा काढून त्यात शोधलं, तिथं नाही.

आणि एवढं करून त्या गाडीनं मला सुख तरी काय दिलं? सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग द्यायचा की नाही ह्यासाठी अध्यक्षांनी तीन वेळा सभा लावली, तिन्ही वेळा माणसं जमली नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा क्रांती चौकाकडच्या चार्जरला रांग लावतो आणि पुढच्याचे टक्के मोजत शेंगदाणे खातो. किलोमीटर वाचावेत म्हणून कामावर अजून कंपनीच्या बसनंच जातो. ओरखडा पडू नये म्हणून गाडीवर कापड घातलंय, आणि कापड ओढताना ओरखडा पडू नये म्हणून शक्यतो ते काढत नाही. तीन वर्षांनी अगदी कोरी करकरीत परत देईन. टॉर्चवाला येईल, एकही डाग नाही असं लिहील, मला शाबासकी देईल आणि घेऊन जाईल. त्या गाडीत कधी कुणी माझं माणूस होतं ह्याची खूण म्हणून काही राहणार नाही.

उद्या भाऊबीज आहे. दरसाल आठ दिवस आधीपासून तिचे निरोप सुरू होतात, उशीर केलास तर ताट उचलून ठेवीन, एवढाच मजकूर असतो. एकतीस वर्षांत हा निरोप चुकला नाही. यंदा नाही आला. मी सकाळपासून फोनची रेंज तपासतोय, रेंज चांगली भरपूर आहे. दाजी, माझं चुकलं. माझी चूक करारात कुठं बसते ते बघायला गेलो होतो, ती बसत नाही, ती साधी चूक आहे. तुम्ही अक्काला काही सांगू नका, फक्त कानावर घाला. उद्या मला पाट मांडणार की नाही तेवढं कळवलंत तर उपकार होतील. नाही म्हणाली तरी कळवा.

ठोक्यानं नव्हे, कायमचाच
आपला मेव्हणा
सुदर्शन

ता. क. सारजाबाईबद्दल वर पाल्याचं एक वाक्य आहे, ते मोठ्यानं वाचू नका. पत्र घेऊन तीच येते आहे.

ता. क. ती पत्र घेऊन येते आहे ह्यावरून तुम्ही ओळखलंच असेल. मी घरी निवांत बसलेलो नाही. गाडीत बसलोय, किल्ल्याखालच्या चिंचेच्या झाडाखाली, तुमच्या घरापासून विडी ओढून संपेल एवढ्या अंतरावर. आठ दिवसांत ही तिसरी खेप. दोनदा तटाच्या दरवाजापासून मागं फिरलो आणि रत्नमालेला सांगितलं की दरवाजा अरुंद आहे, गाडी घासली असती. त्याच दरवाजातून माझ्यासमोर सहलीची बस गेली होती. आज निघताना रत्नमाला म्हणाली, अक्कांना भेटल्याशिवाय आलात तर मीही तुम्हाला पाडव्याचं ओवाळणार नाही. म्हणजे आता दोन्ही ताटं गेल्यात जमा आहेत.

ता. क. डोकं थंड ठेवून लिहितोय असं वर लिहिलंय, ते एसीमुळं. पत्र सुरू केलं तेव्हा गाडीत अकरा टक्के चार्ज होता. मला थोडक्यात लिहिता येत नाही, तुम्ही जाणताच. जुन्या लाल गाडीच्या परिच्छेदापाशी पाच झाला. आता दोन आहे, गाडी हलायला तयार नाही आणि खरं म्हणजे विनंती ही आहे, की तुमची बैलजोडी घेऊन या आणि मला ओढत घरी न्या. करारात ओढण्याला मनाई आहे, पण तिथं क्रेन, ट्रक आणि ट्रॅक्टर एवढीच नावं आहेत. मी दोनदा वाचलं, बैलांचं नाव नाही.

ता. क. बैलांबरोबर अक्कालाही आणा. म्हणावं, रागावून ये, पण ये. बॉनेट मी स्वतः धुऊन, पुसून ठेवलंय. आणि तिला सांगा, कुंकू घरचंच घेऊन ये, तेलात कालवलेलं. मीही आणलं होतं. तीन दुकानांत तुलना करून, पाण्यानं लगेच निघतं असं ज्याच्या डबीवर छापलंय ते. डबी आत्ताच सारजाबाईला देऊन टाकली. अक्काचं न निघणारं पाहिजे.